प्योसाहेबांच्या डोक्यावरची खूण

खासदार प्यो दोंगुक यांचं डोकं माझ्याइतकं कुणीच ओळखत नाही, त्यांची बायकोसुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षं दर तीन आठवड्यांनी ते माझ्या खुर्चीत बसत आले. मागे दोन भोवरे आहेत, उजव्या कानामागे तीळ आहे, आणि पन्नाशीनंतर टाळू उघडी पडायला लागली ती मी बाजूच्या केसांनी झाकत आले. जखमेची खूण मात्र त्या डोक्यावर कुठेही नाही. हे फक्त तिघांना ठाऊक होतं. त्यांना, मला आणि माझ्या नवऱ्याला.

बाकी अख्ख्या देगू शहराला ठाऊक होतं की खूण आहे.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये सगळीकडे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, आणि त्यांना अडवायला सक्तीच्या लष्करी नोकरीतल्या मुलांच्या हातात ढाली देऊन उभं केलं होतं. दगड मारणारे वीस-एकवीस वर्षांचे आणि खाणारेही तेवढेच. प्योसाहेब आणि माझे यजमान नाम ग्युसोक एकाच तुकडीत, एकाच रांगेत शेजारी होते. ग्युसोकचं हेल्मेट निसटलं आणि दगड डोक्यावर डावीकडे बसला. प्योसाहेबांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि धुरातून पळत इस्पितळात पोचवलं. हे खरं आहे. ते पळाले नसते तर मला हा नवरा मिळाला नसता, आणि हे मी कधी नाकारलं नाही. ग्युसोकना आत नेल्यावर प्योसाहेब इस्पितळाच्या पायरीवर एकटेच बसले होते, केसांपासून छातीपर्यंत रक्तानं माखलेले. तेवढ्यात एका वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. रक्त ग्युसोकचं होतं, पण फोटोत ते कसं कळणार?

तुकडीच्या अधिकाऱ्यानं स्वतःची कातडी वाचवली. अहवालात लिहिलं की शिपाई नाम ग्युसोक दारू पिऊन ट्रकमधून पडला. हा माणूस दोन घोट सोजूनं लाल होतो आणि भिंतीला टेकून झोपतो. उजवा हात तेव्हापासून धड चालत नाही, जीभ जड झाली, शब्द एकेक करून येतात. सासऱ्यांचं केशकर्तनालय त्यांच्या हाती यायचं होतं, ते माझ्या हाती आलं. सासऱ्यांनीच मला वस्तरा धरायला शिकवलं. ग्युसोक टॉवेल धुतात, डाव्या हातानं घड्या घालतात, गिऱ्हाइकांना बार्लीचा चहा देतात. चारदा आम्ही माजी सैनिकांच्या कार्यालयात अर्ज केला, की हा माणूस ड्यूटीवर जखमी झाला, तशी नोंद करा. चारदा एकच उत्तर आलं. कागदावर दारू आहे, साक्षीदार आणा. साक्षीदार एकच होता, आणि त्याला निवडून यायचं होतं.

पंच्याण्णव साली ते नगरपरिषदेला उभे राहिले तेव्हा कुणीतरी तो जुना फोटो शोधून काढला. लोकांना वाटलं दगड यांनाच लागला. यांनी वाटू दिलं. पुढच्या सभेत हात आपोआप टाळूवर गेला, उजवीकडे. त्याच्या पुढच्या सभेत म्हणाले, थंडीत अजून ठणका मारतो, पण मारणाऱ्या मुलाला मी केव्हाच माफ केलंय. बायका रडल्या. त्या आठवड्यात केस कापून घेताना त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं नाही. जाताना दारात म्हणाले, "वहिनी, एवढी निवडणूक होऊ द्या. मग ग्युसोकची साक्ष मी स्वतः लिहून देतो."

त्यानंतर सहा निवडणुका झाल्या.

तसा माणूस कामाचा होता. बाजाराचं छप्पर त्यांनी करून घेतलं. ग्युसोकना फिट आली तेव्हा एका फोनवर खाट मिळाली. भानगडीही कमी नव्हत्या. उत्तरेकडच्या शत्रूपासून देश वाचवायचा म्हणून घसा कोरडा करायचे, आणि यांचा स्वतःचा मुलगा पाठदुखीच्या दाखल्यावर लष्करातून सुटला. आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळणारा मुलगा. डॉक्टरेटचा प्रबंध अर्धा दुसऱ्याचा निघाला. गावात पूर आला तेव्हा हे अभ्यासदौऱ्यावर परदेशी धबधब्यापुढे दात काढून फोटोत उभे. प्रत्येक वेळी बाजारात येऊन फरशीवर गुडघे टेकायचे, दोन्ही हात पुढे, कपाळ जमिनीला. तो नमस्कार त्यांच्यासारखा कुणालाच जमत नाही. मासळीवाल्या म्हाताऱ्या डोळे पुसत म्हणायच्या, "जाऊ दे गं, आपलाच आहे." आणि आमच्या भागात त्यांच्या पक्षानं धोंडा उभा केला तरी निवडून येतो, त्यामुळे प्रश्न मतांचा कधी नसायचाच. प्रश्न तिकिटाचा असायचा.

या खेपेला तिकीट जाणार होतं. सोलमधले वरिष्ठ म्हणत होते, देगूत नवे चेहरे द्या. निवडणुकीला तीन महिने उरले होते, आणि सरकारनं निवडणुकीचा नवा कायदा रेटून पास केला म्हणून पक्षाध्यक्षांनी भर चौकात डोकं भादरून घेतलं. आमच्याकडे हा शेवटचा उपाय. आईबापांनी दिलेले केस उतरवले म्हणजे आता मागे हटणार नाही. अध्यक्षांनी चकाकत्या डोक्यानं विचारलं, यापुढे कोण? टीव्हीवर थेट चालू होतं. सगळे खासदार आपापल्या बुटांकडे बघत होते. प्योसाहेबांनी सगळ्यात आधी हात वर केला. "मी. माझ्या देगूत, स्टेशनसमोरच्या चौकात, माझ्या माणसांसमोर." टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तर वाटतं त्या कडकडाटातच त्यांना आठवलं असेल.

आम्ही दोघं दुकानात टीव्ही बघत होतो. ग्युसोकच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीत राहिला. आधी ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले.

"आता... दिसेल की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्योसाहेबांचे सचिव यांग आले. चाळिशीचा, गुळगुळीत बोलणारा माणूस. ग्युसोक औषधं आणायला इस्पितळात गेले होते, आणि यांगनी बरोबर तीच वेळ साधली होती. आल्या आल्या दाराला आतून कडी घातली.

"मावशी, रविवारी अकरा वाजता," ते म्हणाले. "डोकं तुम्हीच करायचं. साहेबांची इच्छा आहे."

"दुसरा कुणी बघा की. मशीन काय कुणीही फिरवेल."

"नुसतं मशीन नाही. नंतर साबण लावून वस्तरा. अगदी चकोट." ते माझ्या खुर्चीच्या हातावर बसले. "आणि वस्तरा जरा निसटायला हवा. इथं." त्यांनी स्वतःच्या टाळूवर उजवीकडे बोट ठेवलं. म्हणजे साहेबांनी यांना सगळं सांगितलं होतं. "थोडं रक्त, लगेच पट्टी. पट्टी महिनाभर राहील. नंतर खूण राहतेच, जुनी की नवी कोण तपासतंय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "यांगसाहेब, एकतीस वर्षं वस्तरा चालवतेय मी. आजवर कुणाला ओरखडा नाही."

"म्हणूनच तर. तुमच्याच हातून निसटला तर कुणाला संशय येणार नाही. बाई होती, हात थरथरला, रडत होती. लोक समजून घेतात."

"आणि बाजारात माझं काय नाव राहील?"

"नावाचंच बोलायला आलोय." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला आणि उलगडून माझ्यापुढे धरला. हातात दिला नाही.

मी वाचला. शिपाई नाम ग्युसोक ड्यूटीवर असताना दगड लागून जखमी झाला. तो दारू प्यायलेला नव्हता. मी शेजारी उभा होतो आणि मी हे स्वतः पाहिलं. तीन वाक्यं मी तीनदा वाचली. मग चौथं वाचलं. त्याच वेळी दुसरा दगड मलाही लागला. खाली प्यो दोंगुक असं नाव छापलेलं होतं, आणि सहीची जागा कोरी.

"दोघांनाही?" मी विचारलं.

"मावशी, दगड तर हजार पडले त्या दिवशी. एक इकडे धरला म्हणून काय बिघडलं? काकांना त्यांचा हक्क मिळतोय. दारावर पाटी लागेल, देशासाठी जखमी झालेल्याचं घर. उद्या काही झालं तर राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा. रविवारी काम झालं की मंचामागेच सही."

"आधी सही द्या."

"मावशी," यांग हसले, "तुम्हीही आमच्यात राहून राजकारण शिकलात."

ते गेल्यावर मी कडी काढून ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. मला तो कागद हवा होता. लपवण्यात काय अर्थ आहे? तेहतीस वर्षं कार्यालयातली पोरं माझ्या नवऱ्याला बेवडा म्हणत आली, तोंडावर नाही, पण कागदावर म्हणत आली. एक इंचभर कातडी कापायची आणि ते पुसायचं. इंचभर म्हणजे काय, दाढी करताना लोक रोज कापून घेतात.

ग्युसोकना मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर अभिमानानं नाही म्हणतील आणि मग आयुष्यभर त्या कागदासाठी झुरतील. किंवा हो म्हणतील आणि स्वतःचीच लाज वाटून घेतील. त्यापेक्षा पाप माझ्या माथी. कागद आणून समोर ठेवीन तेव्हा विचारणार नाहीत, असं मी धरून चालले.

रविवारी हाडं गोठवणारी थंडी होती. ग्युसोकना मी घरीच थांबा म्हटलं, थंडीत त्यांचं डोकं धरतं. चौकात दोन-तीन हजार माणूस होतं, पक्षाची लाल जाकिटं, झेंडे, कागदी पेल्यांत फिशकेकचं, माशाच्या वड्यांचं, गरम पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्या. मंचावर एकच खुर्ची, शेजारी टेबलावर गरम पाण्याचं भांडं आणि माझं सामान. समोर कॅमेऱ्यांची रांग. यांग माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले. त्यांच्या एका खिशात पट्टी होती, दुसऱ्यात कागद. दोन्ही त्यांनी मला हात लावून दाखवले.

सूत्रसंचालकानं माईक घेतला. "आणि आज हे पवित्र काम करणार आहेत ओक बुन्सुनबाई. त्या दिवशी दगडांच्या माऱ्यात आपल्या साहेबांच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या पत्नी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं की हे बोलणार आहेत. कॅमेरे माझ्याकडे वळले.

प्योसाहेब खुर्चीत बसले. मी पांढरं कापड गळ्याभोवती बांधलं. मानेला हात लागला तेव्हा कळलं, माणूस घामानं भिजला होता, त्या थंडीत.

मशीन फिरायला लागलं. केस खांद्यांवरून घसरून मांडीवर पडत होते. राष्ट्रगीत सुरू झालं, पुढच्या रांगेत बायका हुंदके द्यायला लागल्या. बाजूचे केस गेले, मागचे दोन भोवरे उघडे पडले. माझा हात स्थिर होता. सासरे म्हणायचे, समोर राजा बसो की कैदी, वस्तऱ्याला फक्त कातडी दिसते. मी तेच मनाशी घोकत होते. मग साबणाचा फेस केला, डोकंभर लावला आणि वस्तरा उघडला. मागून सुरुवात केली. डावी बाजू केली. कपाळाकडून वर आले. आता फक्त टाळूवर उजवीकडे मूठभर फेस उरला होता.

यांगनी खिशात हात घातला.

मी वस्तऱ्याची धार तिरपी करून कातडीवर टेकवली. दोन बोटांनी कातडी ताणली. आता जरा दाब द्यायचा एवढंच. मी देणार होते. हे मी आज कुणालाही खोटं सांगणार नाही, मी देणार होते.

"वहिनी," प्योसाहेब ओठ न हलवता पुटपुटले. राष्ट्रगीताच्या आवाजात ते फक्त मलाच ऐकू येत होतं. "जरा लांब काढा. छोटं दिसलं तर हसतील लोक." मग क्षणभर थांबून म्हणाले, "ग्युसोकचं किती लांब आहे हो?"

माझा हात थांबला.

चार बोटं आहे. मधे बोट जाईल एवढा खड्डा आहे, आणि हवा बदलली की तिथली कातडी जांभळी होते. लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून मी रोज तिथं तेल लावते. या माणसानं ते डोकं स्वतःच्या खांद्यावर वाहून नेलं होतं, त्यातून रक्त वाहत असताना. पुढे पंचवीस वर्षं त्यावर भाषणं केली, त्यावर सहा निवडणुका जिंकल्या, माझ्या दुकानात ग्युसोकच्या हातचा चहा प्यायला. आणि एकदाही म्हणाला नाही, की ग्युसोक, टोपी काढ, बघू दे मला. बाजूसुद्धा चुकीची धरली होती. मला एवढा संताप आला की डोळ्यांपुढचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

मी वस्तरा हलकेच ओढला. फेस निघाला. पुन्हा एकदा ओढला. मग गरम पाण्यात टॉवेल पिळून डोकं पुसलं. कुठे ओरखडा नाही, थेंबभर रक्त नाही.

"वहिनी," ते म्हणाले. आता आवाज वेगळा होता. "वहिनी, काय करताय?"

"झालं, भावजी," मी म्हटलं आणि कापड सोडलं.

यांग माझ्या कानाशी आले. "वस्तरा उचला परत. एक केस राहिला म्हणा." मी वस्तरा मिटून पिशवीत टाकला. त्यांचा हात माझ्या कोपरावर होता, आणि कोपर दुखायला लागलं होतं. "मावशी, कागद फाडीन मी." "तुमच्या साहेबांचा आहे, फाडा," मी म्हटलं. बोलून गेले खरी, पण नजर त्यांच्या खिशावरून हलेना.

प्योसाहेब उठून उभे राहिले. मान ताठ, हनुवटी वर. समोरून फक्त कपाळ दिसत होतं. त्यांना कुणीतरी लाल पट्टी बांधली, ती कपाळावर बसली, टाळू उघडीच. मंच उंच होता. चार ओळी बोलून मागच्या मागे उतरून गाडीत बसले असते तर निभावलं असतं. त्यांनी बोलायला सुरुवातही केली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुक्या मासळीवाली म्हातारी बाहेर आली. पंच्याऐंशी वर्षांची असेल, पाठीतून वाकलेली. रक्षकांनी अडवलं तर तिनं त्यांनाच दटावलं. मंचासमोर, त्या गारठलेल्या फरशीवर, तिनं सावकाश दोन्ही गुडघे टेकले आणि आमच्या खासदाराला कपाळ टेकवून नमस्कार केला. "आमच्यासाठी केस दिलेस रे बाळा," ती रडत म्हणाली.

आईच्या वयाची बाई जमिनीवर आणि आपण वर उभे, हे आमच्यातल्या कुणालाही सहन होणार नाही. त्यांना तर नाहीच. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांना कळत होतं की करू नये, आणि गुडघे वाकलेच. मंचाच्या अगदी कडेशी ते बसले, दोन्ही हात पुढे ठेवले आणि कपाळ फळीला टेकवलं. आयुष्यभर केला तसाच, पुरा नमस्कार.

सगळे कॅमेरे एकदम त्या डोक्यावर वाकले. अंड्यासारखं गुळगुळीत.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कॅमेऱ्यांच्या रांगेतून एका तरुण पत्रकार मुलीचा आवाज आला, मोठा नव्हता, पण माईकनं पकडला. "साहेब, दगडाची खूण कुठाय?"

ते उठले. हात सवयीनं टाळूवर उजवीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"भरून आली," यांग पुढे होऊन म्हणाले. "तेहतीस वर्षं झाली, बाई. जखमा भरतात."

"गेल्या महिन्यात साहेबच म्हणाले की बोट घातलं तर खड्डा लागतो," ती मुलगी म्हणाली. मग तिनं माझ्याकडे माईक फिरवला. "तुम्ही किती वर्षं त्यांचे केस कापता?"

"अठ्ठावीस."

"तुम्ही कधी खूण पाहिली?"

प्योसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. अठ्ठावीस वर्षांत आरशातसुद्धा असं बघितलं नव्हतं. ग्युसोकना पाठीवर घेऊन पळणारं ते पोरगं मला त्या डोळ्यांत दिसलं, हे मी मान्य करते.

"यांच्या डोक्यावर नाही," मी म्हटलं.

गर्दीतून वाट काढत घरी कशी आले ते मला नीट आठवत नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणीतरी फिशकेकचं पाणी अंगावर फेकलं. मासळीवाल्या म्हातारीनं माझी बाही धरली आणि विचारलं, "तू असं का केलंस गं?" मी बाही सोडवून घेतली.

दुकानात टीव्ही चालू होता. तेच डोकं पुन्हा पुन्हा दाखवत होते. ग्युसोक खुर्चीत न बसता उभेच होते. मला वाटलं होतं की ते माझा हात हातात घेतील. खरं सांगते, वाटेत येताना मला तेवढाच एक आधार होता.

"एवढं... तडकाफडकी का?" त्यांनी विचारलं. "नुसतं... डोकं करून यायचं होतं."

मग मी सगळं सांगितलं. कडी घातलेलं दार, कागद, वस्तरा निसटवायचं ठरलं होतं ते. चार बोटांचं सांगितलं. ते ऐकत होते, डाव्या हातानं उजवा हात धरून.

"कागदावर," ते म्हणाले, "प्यायलेला नव्हता... असं होतं?"

"हो."

"त्याच्या नावानं?"

"हो. पण अहो, पुढे लिहिलं होतं की त्यालाही दगड लागला. अर्धं खोटं होतं ते."

"अर्धं... खरं होतं." त्यांचा आवाज चढला. तो कधीच चढत नाही. "मला तेहतीस वर्षांत... अर्धंही कुणी दिलं नाही, बुन्सुन."

"मला वाटलं तुम्हाला चालणार नाही."

"मला विचारलंस?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्यानं माझा दगड घेतला... मला न विचारता. तू माझा कागद सोडलास... मला न विचारता." प्रत्येक शब्द ते ओढून काढत होते. "आधी घ्यायचा ठरवलास... तेही न विचारता. डोकं... कुणाचं आहे?"

मी खाली बघितलं. माझ्या बुटांवर प्योसाहेबांचे केस चिकटलेले होते. मला रडू आलं नाही. मला फक्त लाज वाटली. चौकात एवढ्या लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा वाटली नव्हती तेवढी वाटली.

बाहेर गाडीची दारं लागल्याचे आवाज आले. गल्लीत माणसं धावत होती. मित्राच्या पत्नी, असं सूत्रसंचालक माईकवर बोलला होता, मग मित्र कुठे राहतो हे शोधायला कितीसा वेळ लागणार? काचेच्या दाराबाहेर तीच पत्रकार मुलगी होती, मागे दोन कॅमेरे, त्यामागे बाजारातले लोक, काही अजून लाल जाकिटांत. कुणीतरी ओरडलं, "त्या बेवड्याला बाहेर काढा." म्हणजे कार्यालयातला कागदही त्यांच्या हाती लागला होता. हे यांगचंच काम, दुसऱ्या कुणाला तो कागद ठाऊक नव्हता.

मी शटर ओढायला धावले.

"राहू दे," ग्युसोक म्हणाले.

ते खुर्चीकडे गेले. ती खुर्ची त्यांच्या बापाची होती, आणि त्यांच्या वाट्याला आली असती तर ते तिच्या मागे उभे राहिले असते. त्यांनी तिला दाराकडे तोंड करून फिरवलं, डाव्या हातानं, जोर लावून. मग बसले. डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली. डावीकडचे केस मी नेहमी लांब ठेवते, खड्डा झाकायला. ते त्यांनी बोटांनी मागे सारून बघितले, पण ते पुन्हा पुढे पडले.

बाहेर काचेवर कुणीतरी मुठी आपटत होतं. मी पांढरं कापड झटकलं आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. मशीन हातात घेतलं. मी ते त्यांच्या केसांजवळ नेलं आणि थांबले.

"अहो," मी म्हटलं, "काढू का?"

ते काचेबाहेर बघत राहिले. घाई केली नाही. माणसं ओरडत होती, कॅमेऱ्यांचे दिवे आमच्या तोंडावर पडत होते, आणि मी मशीन धरून उभी होते. ते नाही म्हणाले असते तर मी कापड सोडून शटर ओढलं असतं, आणि पुन्हा कधी विषय काढला नसता.

"हो," ते म्हणाले. "काढ."